रंगरावांची मिशी

आमच्या फिल्मला नट मिळाला तो मिशीमुळे, आणि फिल्म बुडाली तीही मिशीमुळेच.

मी सरोजिनी. आज पोटापाण्यासाठी मालिकांचे भाग कापते-जोडते, सासू-सुनांचे डोळे वटारलेले शॉट एकापुढे एक लावते. ही गोष्ट दोन हजार सहा सालची. तेव्हा मी आणि प्रियदर्शनी कर्वेनगरच्या एका कॉलेजात फिल्मचा कोर्स करत होतो. शेवटच्या परीक्षेला दिग्दर्शन शिकणाऱ्या प्रत्येकाने एक छोटी फिल्म करून द्यायची होती. फिल्म प्रियदर्शनीची. माझ्याकडे दोन कामं होती, शूटिंगच्या वेळी कंटिन्युइटी सांभाळायची आणि नंतर एडिटिंग करायचं. कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटमध्ये माणसाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर पुढच्या शॉटमध्येही ते उघडंच हवं. थोडक्यात, दुसऱ्याच्या चुका काढायच्या. पुण्याच्या पेठेत जन्मलेल्या बाईला त्यासाठी वेगळं शिक्षण लागत नाही.

प्रियदर्शनी विदर्भातल्या वणीची. इंजिनिअर झाली होती, आणि ते सोडून इकडे आली होती. मोठा भाऊ खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. वडिलांनी तिला एक वर्ष दिलं होतं. फिल्म पास झाली तर तुझी वाट तुला मोकळी, नाहीतर भावाने टेस्टिंगची जागा बघून ठेवलीच आहे, तिथे गुमान जाऊन बसायचं. "सरू, त्या काचेच्या डब्यात मी मरून जाईन वं," ती म्हणायची. हे ती चहा पिताना म्हणायची, बसस्टॉपवर म्हणायची, मला त्याचा वीट आला होता. पण ती खोटं बोलत नव्हती. पोरीला दुसरं काही येतच नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

आता रंगराव. रंगराव तिच्या भावाच्या कंपनीची सुमो चालवायचे. सकाळी पोरांना घरोघरून उचलायचं, संध्याकाळी परत सोडायचं. पोरं त्यांना काका म्हणायची, आणि मागच्या सीटवर बसून इंग्रजीत बॉसला शिव्या घालायची. त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की ज्या जमिनीवर ती कंपनी उभी आहे, ती या काकांच्या घरची. वडील दत्तोबा, थोरला मुलगा माधव, धाकटे रंगराव. माधवराव बिल्डरांबरोबर फिरायला लागले, सह्या झाल्या, ज्वारीच्या जागी काच उगवली. माधवराव वाघोलीच्या बंगल्यात गेले आणि घरातसुद्धा गॉगल लावायला लागले. रंगरावांना यातलं काही साधलं नाही. आईवडिलांना घेऊन ते गावातल्या जुन्याच घरात राहिले. बोलणं कमी आणि हुशारी त्याहून कमी, असं गाव त्यांच्याबद्दल म्हणायचं. माझं मत वेगळं आहे, पण मला कोण विचारतंय!

सह्यांच्या वेळी मात्र ते एकदाच बोलले. "म्हसोबा हलवायचा न्हाय." म्हसोबा म्हणजे बांधावरचा शेंदूर फासलेला दगड. बिल्डरला वाटलं, दगडावर सुटलो. म्हणून आजही त्या कंपनीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधे, म्हसोबा बसलेला आहे. भोवती पिवळा पट्टा मारलाय, म्हणजे कुणी देवावर गाडी लावू नये. करारातच लिहिलं होतं, की वर्षातून एकदा रंगरावांनी आणि घरच्या दोन माणसांनी आत यावं, निवद दाखवावा आणि जावं. आणि मग दरवर्षी गेटवर बिहारी गार्डशी हा संवाद व्हायचा.

"किससे मिलना है?"

"म्हसोबा."

"डिपार्टमेंट?"

"पार्किंग."

मग गेटवरच्या कॅमेऱ्यात रंगरावांचा फोटो निघायचा आणि गळ्यात व्हिजिटरचा पास पडायचा. आपल्याच वावरात पाहुणा म्हणून जायचं! प्रियदर्शनीच्या भावाने तिला ही गंमत म्हणून सांगितली. ती ऐकून ही पोरगी जेवायची थांबली. "सरू, हीच माझी फिल्म," म्हणाली.

आम्ही रंगरावांना विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मिशी ऱ्हाऊ द्यायची ना?" मिशीची काय ऐट होती म्हणून सांगू! जाड, काळीभोर, टोकं वर वळलेली. गावच्या जत्रेत वग व्हायचा, त्यात दरवर्षी रंगरावांना पहारेकऱ्याचं काम मिळायचं, ते या मिशीच्या जोरावर. हातात भाला, तोंडाला कुलूप. राजा बोलायचा, प्रधान बोलायचा, हे नुसते उभे. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा या माणसाला कुणी बोलायला वाक्य देत होतं. "मिशीला हात लावलात तर याद राखा," मी त्यांना दम भरला, आणि चारी बाजूंनी मिशीचे फोटो काढून ठेवले. ते इतके खूश झाले, की त्यांनी आम्हाला सुमोतून थेट कर्वेनगरला आणून सोडलं.

फिल्म साधी होती. बाजेवर पडलेला म्हातारा बाप मुलाला म्हणतो, म्हसोबाला निवद देऊन ये. मुलगा टोपली घेऊन निघतो, गेटवर पास घेतो, उतारावरून तळघरात जातो, देवापुढे निवद ठेवतो. कंपनीने दोन रविवार परवानगी दिली होती, कॉलेजचा कॅमेराही तेवढ्यापुरताच मिळाला होता. बापाचं काम खऱ्या दत्तोबांनीच केलं. त्यांना वाक्य पढवता पढवता आमच्या तोंडाला फेस आला. शेवटी कॅमेरा चालू असतानाच ते लेकावर वैतागले, "जा की रं! जाऊन ये. मी हाय हितंच." तोच शॉट आम्ही ठेवला. बायडाबाई, म्हणजे रंगरावांची आई, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. पहिल्या रविवारी गेट झालं, पास झाला, उतार झाला. रंगराव टोपली घेऊन उताराच्या अंधारात शिरले, तो शॉट इतका सुरेख आला की प्रियदर्शनीने मला मिठी मारली. उरला होता फक्त देवापुढचा प्रसंग, पुढच्या रविवारी.

मंगळवारी सकाळी रंगरावांचा फोन आला. "बाई, आबा गेलं. चा पिता पिता गेलं. रविवारी माझं जमायचं न्हाय, तुमी खोळंबू नका."

फोन ठेवून प्रियदर्शनी "अरे देवा" म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मिशी!" मला तिचा राग यायला हवा होता. पण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. दहाव्याला घाटावर मुलांचं डोकं आणि मिशी उतरवणार. मग आम्ही दोघी बोटं मोजायला लागलो. दहावा येत होता पुढच्या गुरुवारी. म्हणजे रविवारी मिशी असेल! बुडत्याला काडीचा आधार. प्रियदर्शनी उड्या मारायची तेवढी बाकी राहिली, आणि मीच तिला खाली ओढली. अगं बाई, सुतक! सुतकात माणूस देवाला शिवत नाही, आणि आपला उरलेला प्रसंग नेमका देवापुढचाच. मिशी आहे तोवर देव नाही, आणि देव मिळेल तेव्हा मिशी नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"दुसरा दगड ठेवू," ती म्हणाली. "दहा फुटांवर. शेंदूर लावून. तो काही देव नाही ना? मग त्याला शिवलं तर काय होते?"  तिच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की त्या वेळी तिला नाही म्हणणं म्हणजे तिला गच्चीवरून ढकलण्यासारखं होतं.

शुक्रवारी आम्ही भेटायला गेलो. ओसरीवर गावकी बसलेली, माधवरावांचा गॉगल आज खिशात. रंगराव एका घोंगडीवर, भिंतीला टेकून. मी त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटीवर, गालांवर पांढरेशुभ्र खुंट. सुतकात दाढी करत नाहीत! माझे आजोबा गेले तेव्हा बाबा असेच बसलेले मी पाहिले होते. पण आम्ही दोघींनी त्या मिशीचा एवढा घोर लावून घेतला होता, की खाली दाढी असते हेच विसरलो. रविवारी आला असता तरी हा माणूस गुळगुळीत हनुवटीने अंधारात शिरला असता आणि पांढरी दाढी घेऊन देवापुढे उभा राहिला असता. सगळं आधीच संपलं होतं. मी प्रियदर्शनीची ओढणी ओढली, उठ म्हणून खुणावलं. पण ती आपलंच घोडं दामटत राहिली. रविवार, परवानगी, दुसरा दगड, सगळं एका दमात बोलली.

 माधवराव म्हणाले, "बाई, आमच्यात मयत झालंय. तुमच्यात काय झालंय?"

 आतून बायडाबाईचा आवाज आला, बसलेला, घोगरा. "सुतक खरं आन् देव खोटा? न्हाय जमायचं, पोरी."

रविवारी आम्ही रिकामं पार्किंग शूट केलं. खांब, पिवळा पट्टा, दगड. कॅमेरामनने दोनदा विचारलं, माणूस कुठाय? सोमवारी कॅमेरा कॉलेजात जमा झाला. त्या आठवड्यात प्रियदर्शनीचं जे झालं ते बघवत नव्हतं. ती एडिटिंगच्या खोलीत बसायची आणि रंगराव अंधारात शिरतात तेवढंच पुन्हा पुन्हा लावायची, पुढे काही नसायचं. वडिलांचा फोन आला की कापायची. एकदा मला म्हणाली, "म्हातारा आठ दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं वं?" आणि मग आपलं तोंड आपणच दाबून ढसाढसा रडली.  मी खिडकी उघडली.

दहावा होऊन गेल्यावर ती नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून एक मिशी घेऊन आली. एक टोपीही. मी म्हटलं, लाज सोडलीस का? म्हणाली, सोडली. मी तरीही तिच्याबरोबर गेले, कारण तिला एकटीला जाऊ देण्याची मला भीती वाटत होती.

दार रंगरावांनी उघडलं आणि मी त्यांना ओळखलंच नाही. गोटा केलेला, आणि मिशीच्या जागी वरचा ओठ. तो ओठ इतका लहान, इतका उघडा होता की मी नजर खाली घातली. या माणसाचं सगळं वजन त्या मिशीत होतं, आणि आता दारात एक कुणीतरी किरकोळ म्हातारा उभा होता. प्रियदर्शनीने डबी पुढे केली. रंगरावांनी खोटी मिशी तळहातावर घेतली, उजेडात धरून बघितली.

"लई झ्याक बनवलीय," म्हणाले. आणि डबीत परत ठेवली. "पर बाप गेल्यावर ही चिकटवून देवाम्होरं हुबं ऱ्हाऊ? त्यो वळखंल का मला?"

झालं. प्रियदर्शनी तिथे उंबऱ्यावरच मटकन बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. अगदी त्या घरचंच कुणी गेल्यासारखी. शेजारच्या बायका बाहेर आल्या. मी तिला उठवायला गेले, तर कोपऱ्यातून बायडाबाई म्हणाली, "रडू दे तिला. माजं रडून झालंय."

रंगरावांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तेराव्याच्या म्होरल्या रविवारी मी निवद न्हेनार हाय. सुतक फिटल्यावर पयला म्हसोबा. संगं घरची दोन मानसं चालत्यात. भाच्या म्हनून चला. जसा हाय तसा काढा."

"पण काका, मिशी..." मी म्हटलं. माझं आपलं कंटिन्युइटीचं तुणतुणं.

"आता न्हाय ती," ते म्हणाले.

प्रियदर्शनीच्या भावाचा साधा हँडीकॅम मिळाला. शूटिंगची परवानगी संपली होती, म्हणून तो आम्ही टोपलीत निवदाशेजारी ठेवून वर फडकं टाकलं. गेटवर तोच बिहारी गार्ड. त्याने रंगरावांचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर गेल्या वर्षीचा उघडला, दोन्हींकडे बघितलं.  आता टोपली उघडणार! गार्डने रंगरावांच्या डोक्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पिताजी?" रंगरावांनी मान हलवली. गार्डने खुर्चीतून उठून हात जोडले आणि आम्हाला आत सोडलं. टोपलीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

खाली रंगराव म्हसोबापुढे बसले. वाक्य ठरलेलं होतं: "देवा, आलो बघ." दोन महिने त्यांनी ते सुमो चालवताना पाठ केलं होतं. हातातली भाकरी त्यांनी दगडापुढे ठेवली, तोंड उघडलं, आणि वाक्य येईना. पुन्हा पहारेकरी झाले. मागे कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेताना टिवटिव वाजत होती. मग म्हणाले, "देवा, आता आबा इचारायला न्हाईत, गेलतास का म्हनून." आणि कपाळ जमिनीला टेकून तसेच राहिले. कॅमेरा हलत होता, कारण प्रियदर्शनी हुंदके देत होती. मी तिचा हात धरून ठेवला.

आता हे जोडायचं कसं? आधीचं चित्र झकास, नंतरचं कळकट. आधी मिशी, नंतर टक्कल. प्रियदर्शनीने मधे पाटी घातली, "काही दिवसांनंतर". मग रिकामी बाज घातली. मग काळा पडदा, मग कावळा. अगं, कावळा! मी तिच्या हातून माऊस काढून घेतला. सगळं उपटून टाकलं आणि नुसतं लावलं: रंगराव मिशीसकट उताराच्या अंधारात शिरतात, आणि लगेच, मधे काहीही नाही, गोटा केलेले रंगराव देवापुढे बसतात. लावून बघितलं. असं वाटलं की वाचलो.

कसले वाचतोय! परीक्षक बाहेरचे, परदेशात शिकून आलेले. फिल्म संपल्यावर त्यांनी चष्मा काढला. "इथे माणसाला मिशी आहे, पुढच्याच शॉटमध्ये केसही नाहीत. ही बेसिक चूक आहे. कंटिन्युइटी कोण बघत होतं?"

मी हात वर केला. प्रियदर्शनी उभी राहिली. "सर, त्याचे वडील गेले."

"असतील. पण ते फिल्ममध्ये कुठे आहे?"

  माझ्या तोंडाला कधी नव्हे ते कुलूप लागलं. फिल्म नापास झाली. पुन्हा बसायला आणखी एक वर्ष लागलं असतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. भावाने दुसऱ्याच दिवशी कंपनीतली तारीख कळवली. ती रडली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. केस विंचरून, दोन पांढरे शर्ट विकत घेऊन आली.

कंपनीत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, काकांना सीडी तरी देऊन येऊ. आम्ही खराडीला गेलो. रंगरावांच्या ओठावर आता काळेपांढरे खुंट आले होते. त्यांनी टीव्ही पुसला, सीडी लावली, आणि स्वतः मात्र पाठीमागे, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. निकालाचं त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. बायडाबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. पडद्यावर दत्तोबा बाजेवरून ओरडले, "जा की रं! जाऊन ये. मी हाय हितंच." बायडाबाईने पदर डोक्यावर सारखा केला. रंगराव गेटवर गेले, पास गळ्यात पडला. टोपली घेऊन उतार उतरले, अंधारात शिरले. आणि पुढच्या क्षणाला देवापुढे ते गोटा केलेलं डोकं.

बायडाबाईने हात पुढे करून टीव्हीच्या काचेवर ठेवला.

"हितं गेलं हे," ती म्हणाली.

प्रियदर्शनीने माझा दंड इतक्या जोरात आवळला की वळ उठला. फिल्म पुढे चालू होती, भाकरी, दगड, टिवटिव. बायडाबाई बघत नव्हती. तिने मागे वळून लेकाला विचारलं, "रंगा, हे मागं न्हेता येतं का?"

रंगरावांनी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. दत्तोबा पुन्हा ओरडले. बायडाबाई त्यांच्याकडे बघून हसली, त्या दिवशी दारात हसली होती तशी, पदर तोंडाला लावून. गेट आलं, पास आला, उतार आला.

"बास," ती म्हणाली. "हितंच थांबव. म्होरं नको."

रंगरावांनी पुढे होऊन बटण दाबलं. पडद्यावर ते मिशीसकट, टोपली घेऊन, अंधाराच्या तोंडाशी उभे राहिले.